शेवटच्या कडव्यातलं नाव

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. आम्रपाली माझी मावसबहीण. तिच्यावर जे गुदरलं, तेच सांगते.

साल १९९४. एप्रिलचा पहिला आठवडा. कोरेगाव.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

आम्रपालीचे वडील केरूआबा. चाळीस वर्षं त्यांनी चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी लिहिली. गायन पार्टीचा रिवाज असा, की शेवटच्या कडव्यात कवीचं नाव यायचं. टाळ्या गाणाऱ्याला, हार गाणाऱ्याला. आबांच्या वाट्याला तेवढं नाव.

ते कडवं लिहिण्याआधी आबा ट्रंकेवर बोटं वाजवायचे. ठक... ठक... ठक. मग खाकरायचे. मग नाव.

त्या एप्रिलच्या आधीच्या थंडीत आबा गेले. महिन्याभरात सांगलीचा कॅसेटवाला भाऊसो दारात हजर.

"ताई, गाणी लय भारी हायत. पर केरू कोन, कुणाला ठावं? लोक अर्जुनाच्या गळ्यावर कॅसेट घेत्यात. शेवटच्या कडव्यात त्येचं नाव बसवा. तुमी बी लिवता म्हनं? मग फुडची कॅसेट तुमच्या गान्यांची. तुमच्या नावानं!"

तुमच्या नावानं... आम्रपाली तिथंच विरघळली.

तिची साक्षी सहा महिन्यांची. लेक झोळीत निजली की एका हातात झोळीची दोरी, मांडीवर आबांची वही. 'केरू' खोडायचं, 'अर्जुना' बसवायचं. इतकं चपखल बसलं, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तिची आई, जाईबाई, दारातून बघत होती.

"बाचं नाव पुसलंस व्हय गं?"

"आये, गाणं तर ऱ्हातंय न्हवं?"

"गाणं लोकांचं हाय. त्येचं काय ऱ्हायलं?"

आम्रपालीनं वहीचं पुढचं पान उलटलं.

कॅसेट आली त्या दुपारी जाईबाई दळणाला गेलेली. साक्षी झोळीत. आम्रपालीनं टेप लावला. काय तो अर्जुनाचा आवाज! अंगावर काटा आला.

शेवटचं कडवं आलं...

आणि आवाज थांबला.

चाकं फिरत होती. गाणं नव्हतं.

मग... ठक. ठक. ठक.

रेकॉर्डिंगमधलं असेल, म्हणून तिनं टेपची पिन उपसली. चाकं थांबली.

ठक. ठक. ठक.

कोपऱ्यातल्या ट्रंकेवर.

मग कुणीतरी खाकरलं...

तिनं झोळीकडे पाहिलं. दोरी तिच्या मांडीवर सैल पडलेली. झोळी मात्र हलत होती. सावकाश. आबा हलवायचे तशी. आणि साक्षी ट्रंकेकडे बघून खुदुखुदु हसत होती.

आम्रपालीनं ट्रंक उघडली, वही काढली. एकेका गाण्यात 'केरू' परत लिहिलं. "आबा, चुकलं माझं... पोरीला काय करू नका."

ठकठक थांबली. झोळीही.

वहीत नाव आलं. पण कॅसेटा सांगलीहून कधीच सुटल्या होत्या. जयंतीला गावोगाव तीच गाणी वाजली. अर्जुनाचं नाव खणखणीत. कुणाचा टेप अडला नाही. कुणी विचारलंही नाही, की लिहिली कुणी.

भाऊसोनं शब्द पाळला. "ताई, तुमची गाणी द्या."

तिनं रात्रंदिवस एक करून दहा गाणी लिहिली. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घातलं. सकाळी वही उघडली...

दहाही जागा कोऱ्या.

खोडलेलं नाही, पुसलेलं नाही. बाकी ओळ जशीच्या तशी. पुन्हा लिहिलं, पुन्हा कोरं. पेन बदललं, वही बदलली. ती गाणी तिनं भाऊसोला दिलीच नाहीत.

याला तीन वर्षं झाली. परवा मी कोरेगावला गेले होते. तिनं नवं गाणं दाखवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं गाणं. शेवटच्या ओळीत बोटभर मोकळी जागा.

साक्षी माझ्या मांडीवर बसली होती. तिला अजून अक्षर ओळखता येत नाही. आबांना तर तिनं कळत्या वयात पाहिलंच नाही.

तिनं त्या कोऱ्या जागेवर अलगद बोट ठेवलं... आणि मला हळूच म्हणाली,

"मावशी, हितं नगं लिवू. हितं आबा बसल्यात."