मधे थोडं थांबायचं

मागून सायकलची घंटी वाजली. रेजिनाला मान वळवता येईना, म्हणून ती अख्खीच वळली... आणि डोक्यावरच्या पाटीतले बोंबील सटासट सायकलवाल्याच्या चकचकीत बुटांवर! पाचूबंदरच्या धक्क्यावर, मासळीच्या ऐन लिलावाच्या वेळी असा तमाशा; हसणाऱ्यांना काय, फुकटच मिळाला.

सायकलवाला मात्र रागावला नाही. "मान कवापासून धरलीय?" त्याने विचारलं.

"दोन वरसं झाली. तू कोन, डाक्टर?"

तो सॅन्टन, पलीकडच्या पाड्यातला. लढाईत फौजेच्या इस्पितळात वॉर्डबॉय होता. आता लढाई संपली होती आणि तो पुण्याच्या इस्पितळातून नोकरीचं बोलावणं यायची वाट बघत होता. डॉक्टर जखमी शिपायांकडून मानेचे व्यायाम करून घेत, ते त्याने बघून बघून पाठ केले होते.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज तिसऱ्या प्रहरी रेजिनाच्या ओट्यावर येऊ लागला. तिची आई सालोमी दारातच सुकट निवडत बसे, त्यामुळे हात लावायची सोय नव्हती. तो समोर बसून स्वतःची मान वळवी, ती बघून तसंच करी. हळूच उजवीकडे... हळूच डावीकडे... आणि नजर समोर आली की तो म्हणे, "मधे थोडं थांबायचं."

"ते कशाला?"

"मानेला इसावा."

तो विसावा दिवसेंदिवस लांबत गेला. बाजारात मासळी विकतानाही रेजिनाचं लक्ष उन्हाकडे असे – कधी कलतंय! एखाद्यासाठी जीव कसा तुटतो, ते तिला पहिल्यांदाच कळत होतं.

महिन्याभरात मान छान वळू लागली. रेजिनाने कुणाला सांगितलं नाही. बरी झाली म्हटलं की हा येणार कशाला?

एके दिवशी तो ओट्यावर बसलाच नाही. "उद्या पुन्याला जातो. पन तुजं दुखनं असं अर्धं टाकून... पाय निघत नाय."

अजून दुखतंय म्हटलं तर थांबेलही, तिच्या मनात आलं. पण खोटं बोलून अडवलेला माणूस आपला कसा व्हायचा?

"पंधरा दिस झाले, दुखत नाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

तेव्हा कुठे सॅन्टन ओट्यावर टेकला. "आनि माजं बोलावनं येऊन तीन आठवडे झाले. आता नाय गेलो तर नोकरी जाईल."

"मंग इतके दिस का नाय गेलास?"

"तुला बगायला मिलायचं ना..."

सालोमीने सुपातून डोकं वर काढलं नाही. "जा बाबा, नोकरी सोडू नको. पन नाताळाला येशील तवा एकटा येऊ नको. बापाला घेऊन ये."

नाताळाला अजून तीन महिने होते. रेजिनाला ते आत्तापासूनच जड जाऊ लागले.