खांब क्रमांक तेवीस

केतकी कित्तूर शीघ्र मोटर्समध्ये नोकरीला लागली ती श्रीरंग मालपाठकांचं वाटोळं करायला. अर्जात तिने अर्थातच हे लिहिलं नव्हतं. अर्जात होतं, 'अल्पवळणावर मूलभूत संशोधन करण्याची इच्छा', आणि गंमत म्हणजे तेही खरं होतं. लग्नानंतर बदललेलं आडनाव बायकांना फारसं कुठे उपयोगी पडत नाही, तिला पडलं. ही रणजित शिंत्रेची धाकटी बहीण आहे, हे मुलाखतीत कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्याला आता चार वर्षं झाली होती. २०४१ सालच्या फेब्रुवारीतल्या एका लख्ख सकाळी, जतच्या माळावरच्या चाचणी-धावपट्टीच्या नियंत्रण कक्षात ती पडद्यांसमोर बसली होती. खाली डांबरावर नवी 'शरभ' उभी होती, पांढरीशुभ्र, चारही चाकांना ताकद देणारी. शेजारच्या खुर्चीत वाहन सुरक्षा मंडळाच्या निरीक्षक नलिनी ठोसर होत्या. आज मालपाठक स्वतः गाडी चालवून धावपट्टीचा विक्रम मोडणार होते आणि ठोसरबाई पसंतीची सही करणार होत्या. मालपाठक कंपनीचे मुख्य अभियंता. तरुणपणी ते रॅलीत दोनदा पहिले आले होते, आणि ही माहिती ऐकल्याशिवाय त्यांच्या हाताखालच्या कुणाचाही आठवडा सरत नसे.

"मी सांगाडे तपासणारी बाई," ठोसरबाई म्हणाल्या. "चाकं माझा विषय नाही. तुमचं अल्पवळण मला साध्या भाषेत सांगा."

"सुकाणू वळवलं तरी गाडी हवी तेवढी वळत नाही, बाहेर बाहेर जात राहते, ते अल्पवळण. अंडरस्टिअर म्हणतात ते. चारही चाकांना ताकद दिली की पुढच्या चाकांवर दोन कामं पडतात, वळायचं आणि ओढायचं. टायरची पकड मात्र तेवढीच. भरलेली घागर धरलेल्या हातानेच दाराची कडी काढायला सांगावी, तसं होतं. वळणातून बाहेर पडताना चालक वेग वाढवतो आणि नेमकी तेव्हाच पुढची चाकं घसरतात."

"मग तो काय करतो?"

"घाबरून सुकाणू आणखी वळवतो, त्याने चाकं आणखी घसरतात. म्हणून आम्ही हातांची वाट बघणंच सोडलं. कसलेला चालक वळणाच्या शेवटाकडे आधीच बघत असतो. हात हलायच्या जवळजवळ सेकंदभर आधी डोळे तिथे पोचलेले असतात. कॅमेरे ती नजर पकडतात, आणि गाडी बाहेरच्या बाजूच्या मागच्या चाकाला जास्त ताकद देऊन नाक आत वळवून घेते. पुढच्या चाकांवरचा ताण वेळेआधीच उतरतो. याला आम्ही दृष्टिसुकाणू म्हणतो. वेग फार असला की ते हातांपेक्षा डोळ्यांचं ऐकतं."

"म्हणजे चालक बघेल तिकडे गाडी जाते. आणि त्याने भलतीकडेच बघितलं तर?"

प्रश्न बरोबर होता. केतकीला बाई आवडल्या.

"माणसाला ज्याची धास्ती असते तिकडे त्याचे डोळे जातातच, मॅडम. त्यासाठी मध्ये भयगाळणी ठेवली आहे. रस्ता सोडून गेलेली नजर ती गाडीपर्यंत पोचू देत नाही. फक्त तिची नोंद ठेवते."

ही कल्पना तिला कुठे सुचली, हे मात्र तिने सांगितलं नाही. गडहिंग्लजच्या शाळेच्या मैदानावर दादा तिच्या सायकलीचं कॅरिअर धरून मागून धावायचा आणि ओरडायचा, "खड्ड्याकडं बघू नकोस गं, खड्ड्यातच जातीस. वाटंकडं बघ." तिची सगळी पीएच.डी. या दोन वाक्यांवर उभी होती.

तो दादा आता आईच्या स्कूटरवर मागे बसून बाजारात जायचा, आणि तेही डोळे मिटून. सहा वर्षांपूर्वी पहिली शरभ याच धावपट्टीवर 'घोडनाल' नावाच्या वळणावर भिंतीवर आदळली, तेव्हा ती कंपनीचा चाचणी-चालक रणजित चालवत होता. तो जगला, पण अपघाताआधीचे दोन तास त्याच्या डोक्यातून पुसले गेले. वळणाच्या भिंतीला ओळीने क्रमांक घातलेले खांब होते, गाडी नवव्या खांबाशी सापडली. नववा खांब वळणाच्या तोंडाशी. तिथे गाडी बाहेर जाते ती ब्रेक उशिरा लावल्यामुळेच. चौकशी अहवालात एका ओळीत कारण लिहिलं गेलं, 'चालकाची चूक'. रणजितला काही आठवत नव्हतं, म्हणून त्याने अहवालावर विश्वास ठेवला. केतकीचा खरा संताप होता तो याचा. माणसाचा पाय मोडला, काम गेलं, एक वेळ समजून घेता आलं असतं. या लोकांनी त्याचा स्वतःवरचा भरवसाच काढून घेतला होता. तो भेटेल त्याची माफी मागायचा, दूधवाल्याचीसुद्धा.

तिचं गणित वेगळं सांगत होतं. पहिल्या शरभच्या पुढच्या चाकांना मालपाठकांनी हट्टाने जास्त ताकद दिली होती. ती गाडी अल्पवळणाने बाहेर गेली असेल, तर वळणाच्या शेवटी, विसाव्या खांबाच्या पुढेच कुठेतरी. अपघातानंतर तिथे सगळ्यात आधी पोचले होते मालपाठक, क्रेन घेऊन. निरीक्षक आले ते चार तासांनी. आठवड्याभरात काँक्रीटपुढच्या टायरच्या सगळ्या भिंतीला नवा रंगही लागला. ती भिंत बोल्टांनी जखडलेली. हलवायची तर क्रेन हवी आणि क्रेनला मालपाठकांची सही हवी. गाडी खरी कुठल्या खांबाशी आदळली, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो सांगणार नव्हता.

तो माणूस आता गाडीत बसला.

पहिली फेरी झकास झाली. दुसरीही. घोडनालवर गाडी रूळ टाकल्यासारखी वळली आणि ठोसरबाईंनी मान डोलावली. केतकीचं लक्ष मात्र दुसऱ्या पडद्यावर होतं. तिथे गाळणीने बाजूला काढलेल्या नजरा लाल ठिपक्यांनी उमटत होत्या. पहिल्या फेरीत एकच ठिपका. दुसऱ्या फेरीत एक, नेमका पहिल्यावरच. वळणातून बाहेर पडता पडता मालपाठकांची नजर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शासाठी भिंतीवर एका ठिकाणी जाऊन परत येत होती. भिंतीवर तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. खांब क्रमांक तेवीस.

चार वर्षं जे तिने गणितातून उकरलं, ते हा माणूस डोळ्यांनी दाखवत होता.

"वेळ किती?" कानातल्या यंत्रातून मालपाठकांचा आवाज आला.

"विक्रमापेक्षा पाव सेकंद जास्त, सर."

"ती तुमची गाळणी प्रत्येक नजर तपासत बसते, त्यात वेळ जातो. बंद करा ती."

"बंद करू नये असं माझं मत आहे, सर. मी तसं लेखी नोंदवते आहे."

"कारण?"

कारण तिच्या पुढ्यात लाल रंगात चमकत होतं. 'तुम्ही तेविसाव्या खांबाकडे बघता' एवढं म्हटलं की ते सावध झाले असते, चाचणी थांबवली असती, आणि तिथे जे काही होतं ते टायरांमागेच राहिलं असतं. ठिपके पुरावा म्हणून कुणी मानले नसते. घोडनालच्या शेवटी ताशी नव्वदचा वेग, तिहेरी टायर, शिरस्त्राण, छातीवरचे पट्टे. माणूस मरत नाही, हे तिने क्षणात मोजलं. मोजून झाल्यावर तिला आनंद झाला, लाज वाटावी इतका.

"भीती, सर. चालकाला या वळणावर कशाची भीती वाटत असेल तर गाडी तिकडे जाईल."

मालपाठक हसले. "मला कसली भीती? या वळणावर कधी काही झालंय का, आमच्या त्या उशिरा ब्रेक लावणाऱ्या शहाण्याशिवाय? बंद करा."

ठोसरबाईंनी केतकीकडे पाहिलं. "तुम्ही आक्षेप घेतलात, मी ऐकलं. अधिकार त्यांचा आहे."

केतकीने गाळणी बंद केली. दुसऱ्यांदा तिने आक्षेप घेतला नाही.

तिसऱ्या फेरीत गाडी घोडनालमध्ये शिरली ती विक्रमाच्या पुढे. अर्ध्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मग नजर सवयीने तेविसाव्या खांबावर गेली, आणि या वेळी गाडीने ती ऐकली. नाक भिंतीकडे वळलं. नाक वळलं म्हणून खांब समोर आला, समोर आला म्हणून डोळे त्यालाच चिकटले, आणि चिकटले म्हणून गाडी सरळ तिकडेच गेली. हात सुकाणू उलटं फिरवत होते. हातांना विचारतो कोण? टायर फुटल्याचा दणका कक्षापर्यंत आला.

दोघी वळणावर पोचल्या तेव्हा गाडी टायरांत अर्धी रुतली होती. ती काढायची तर टायर काढायला हवेत. क्रेन आली, आणि या खेपेला ती मालपाठकांच्या सहीने नव्हे, तर ठोसरबाईंच्या आदेशाने आली. टायर निघाले. मागच्या काँक्रीटवर सिमेंटचं जुनं ठिगळ होतं. ठिगळाच्या दोन्ही बाजूंना हातभर लांब नारिंगी ओरखडा होता आणि सिमेंटमध्ये आरशाचा एक तुकडा चिणला गेला होता, त्याची कडही नारिंगी. पहिली शरभ नारिंगी होती. त्या रंगाची गाडी कंपनीने एकच बनवली होती.

ठोसरबाईंनी ओरखड्यावर बोट ठेवलं. जुना अहवाल त्यांच्याच मंडळाचा होता. "ती गाडी नवव्या खांबाशी सापडली होती," त्या सावकाश म्हणाल्या. "इथून तिथे चालत गेली वाटतं."

मालपाठक स्ट्रेचरवर होते. खांद्याचं हाड मोडलं होतं, तोंड शाबूत होतं. "गाडीत दोष आहे. माझं ऐकेना ती. अल्पवळण झालं, लिहून घ्या."

"किती झालं?" ठोसरबाईंनी विचारलं.

"शून्य, मॅडम," केतकीने नोंदी पुढे केल्या. "वीतभरही नाही. चालक जिथे बघत होता तिथेच गाडी गेली. तिन्ही फेऱ्यांत तो तिथेच बघत होता."

ठोसरबाईंनी कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहिले आणि ते वर धरून दाखवले, 'चालकाची चूक'. मग खाली लिहिलं, मागील अपघाताची चौकशी पुन्हा उघडावी, घटनास्थळ खांब क्रमांक तेवीस.

रुग्णवाहिकेचं दार लागण्याआधी केतकी वाकली. "सर, मी रणजित शिंत्रेची बहीण."

मालपाठकांनी नजर चुकवली. आता त्या नजरेमागून जायला गाडी नव्हती.

तिने तिथूनच, फुटक्या टायरांवर बसून फोन लावला. सगळं सांगितलं.

"सरांना लई लागलंय का गं?" रणजितने आधी विचारलं. तिला त्याचा राग आला, आणि रडूही.

"मरत नाहीत ते. दादा, तू ऐकलंस का मी काय म्हणाले? तेविसाव्या खांबापर्यंत गेली होती गाडी. अख्खं वळण तू नीट घेतलं होतंस."

"म्हणजे ब्रेक मी वेळेवर लावला होता?"

"वेळेवर लावला होतास."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि त्याचा अधू पाय फरशीवर घासत चालल्याचा.

"केते," तो म्हणाला, "आई स्कूटरची किल्ली कुठं ठेवती गं?"

"फ्रिजवर," केतकी म्हणाली.