पोहणारीची पाठ

वस्तुसंग्रहालयात मंगळवारी दुपारी चिटपाखरू नसायचं, म्हणून ती नेमकी मंगळवारीच जायची. तळमजल्यावरच्या उंच खिडक्यांच्या दालनात एक जुनी ब्राँझची बाई बसलेली होती. गुडघ्यांना मिठी मारून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून... कुणाची तरी वाट बघून बघून दमलेली. कुणी घडवली ते पाटीवरही लिहिलेलं नव्हतं. शिल्पकलेचं शिक्षण संपून चार वर्षं झाली, तरी तिची खरी शाळा अजून ही बाईच होती.

त्या दिवशी ती सवयीप्रमाणे डोळे अर्धवट मिटून मूर्तीभोवती फिरत होती. एक पाऊल मागे, आणखी एक मागे... आणि कुणाच्या तरी मांडीवर बसता बसता वाचली.

"डाव्या मांडीवर बसलात तर बरं होईल," मागून आवाज आला. "उजवीवर चित्र आहे."

तिने दचकून मागे पाहिलं. मूर्तीच्या मागच्या कोपऱ्यात, बुटक्या स्टुलावर एक तरुण बसला होता. बोटं शिशाने काळी झालेली, गालावरही एक काळा फराटा.

"रस्त्यात स्टूल मांडायचं नसतं," ती कानकोंडी होत म्हणाली.

"रस्ता पुढे आहे. इथे फक्त उलट्या चालणाऱ्या बायका येतात."

हसू दाबायला म्हणून तिने चित्रात डोकावलं, आणि तिथेच थबकली. कागदावर बाईची नुसती पाठ होती. मणक्याची हलकी कमान, खांद्यांचा उतार, आणि त्या उतारावरून घरंगळणारं खिडकीतलं ऊन.

"चेहरा नाही काढत?"

"चेहऱ्याकडे सगळेच बघतात हो. पाठीला बिचारीला कोण विचारतं?"

तो लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. दिवसभर ससे आणि ढग काढून कंटाळा आला की इथे येऊन बसायचा. घरी जाताना तिच्या लक्षात आलं, आपण त्याचं नावच विचारलं नाही. मग मनातल्या मनात तिने त्याला 'पाठमोरा' म्हणायला सुरुवात केली. पुढच्या मंगळवारी ते चुकून तिच्या तोंडून गेलं आणि तो खो खो हसला. तेव्हापासून तेच नाव पडलं.

आणखी काही मंगळवार गेले. बाहेर पावसाची बारीक भुरभुर असायची, दालनात ओल्या छत्र्यांचा वास. ती पुढून बघायची, तो मागून... आणि मध्ये ती ब्राँझची बाई, दोघांचं बोलणं मुकाट ऐकत. शेवटी एकदा ती खिडकीबाहेर बघत, अगदी सहज वाटेल अशा बेताने म्हणाली, "माझी पोहणारीची मूर्ती ओतून आलीय. बघायची असेल तर... या."

तिचा स्टुडिओ म्हणजे एक जुनं मोटार गॅरेज. वरच्या मजल्यावर मावशी राहायची. आईच्या मागे तिला वाढवलेली, शाळेतून निवृत्त झालेली आणि जिभेने अजून निवृत्त न झालेली. पाठमोरा दारात दिसताच तिने त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"हाच का तो, मांडीवाला?"

"मावशी..."

"बरं बाई, नाही बोलत," म्हणत मावशी चहा टाकायला वर गेली.

ओतून आलेलं ब्राँझ काही देखणं नसतं. धातू जिथून आत ओतला तिथे खुंट उगवलेले, जोडांच्या शिवणी वर आलेल्या, सगळं अंग आगीने काळवंडलेलं. मूर्ती होती एका मुलीची, उडी मारण्याच्या क्षणाला तलावाच्या काठावर उभी. शहरातल्या पोहण्याच्या तलावाच्या दारात ती बसवायची होती. शिल्पकार म्हणून तिचं पहिलं मोठं काम. पाठीचा भाग वेगळा ओतलेला होता, तो अजून जोडायचा होता.

"ही तर गोवर आल्यासारखी दिसतेय," तो म्हणाला.

"म्हणून तर बोलावलंय. धरा ही कानस."

मग तो येतच राहिला. ती खुंट कापायची, शिवणी छिन्नीने बसवायची. तो कानशीने घासायचा, मग पॉलिश पेपरने. धातूची सोनेरी पूड दोघांच्या केसांत, भुवयांवर, पापण्यांवर चिकटायची. "तुमच्या नाकावर सोनं आहे," तो म्हणायचा. "राहू दे, अडीनडीला उपयोगी पडेल," ती म्हणायची. केव्हा तरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी आधी म्हटलं यावर दोघांचं एकमत नव्हतं. संध्याकाळी यंत्रं बंद झाली की कानांत एक गोड सुन्नपणा भरून राहायचा, आणि त्या शांततेत त्याचा श्वास तिला उगाचच जवळून ऐकू यायचा.

पाठीचा तुकडा सगळ्यात शेवटी घासायला घेतला. त्यावरची काजळी जाऊन धातू उजळला, तसा त्याचा हात मंदावला. मग थांबलाच.

"काय झालं?"

"काही नाही."

"पाठमोऱ्या, तुला खोटं बोलता येत नाही."

त्याने धातूवरून बोट फिरवलं. "ही पाठ... मी ओळखतो. इतके दिवस हीच तर काढतोय."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

"म्हणजे मी चोरली?"

"तसं नाही म्हणत. ती बाई तुझ्या हातात मुरलीय, नकळत उतरली असेल. पण ती बसलेली आहे गं, दमलेली आहे. तुझी मुलगी तर आत्ता उडी मारणार आहे. तिची पाठ इतकी दमलेली कशी असेल?"

तिने कानस खाली ठेवली. हळूच, जराही आवाज न करता. "आपण निघालात तरी चालेल," ती म्हणाली.

त्या 'आपण'सरशी तो उठला. हात पुसून निघून गेला.

मावशी जिन्यात उभी होती. तिने विचारलं, "बोलला ते खोटं होतं का?"

"खरं होतं."

"मग रडतेस कशाला?"

"म्हणूनच."

पुढच्या मंगळवारी ती संग्रहालयात गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काम ठप्प झालं. पाठ नसलेली ती मुलगी गॅरेजमध्ये उभी होती, आतली पोकळी दिसू नये म्हणून तिने तिच्यावर जुनी चादर टाकली. असेच दिवस गेले आणि एका सकाळी ती उठली ती थेट तलावावर गेली.

निळं पाणी ढगाळ उजेडात हलत होतं. क्लोरीनचा वास, ओल्या पायांची चपचप. फळीच्या टोकाला आठनऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. थंडीने कुडकुडत, हात मागे ताणून. तिची पाठ तिने पाहिली, आणि पाहतच राहिली. खांद्यांची हाडं पंख फुटू बघत असावीत तशी वर आलेली, मधली पन्हळ खोल, कमरेपाशी सगळी भीती गोळा झालेली. मुलीने डोळे मिटले... आणि ती गेली. पाणी उडालं.

ते पाणी खाली बसलं तेव्हा पलीकडच्या पायऱ्यांवर तिला एक ओळखीचं बुटकं स्टूल दिसलं.

ती वळसा घालून गेली. तो उठून उभा राहिला, तसे मांडीवरचे कागद घसरले. सगळ्या कागदांवर पाठीच होत्या. लहान, मोठ्या, घाबरलेल्या, उतावळ्या.

"तुला दाखवायच्या होत्या," तो म्हणाला. "पण दारापर्यंत यायचो आणि परत जायचो. तुझी मावशी वरून बघायची. काल म्हणाली, 'अहो, आत तरी या, नाहीतर येणं तरी बंद करा. माझा जीव खालीवर होतो.'"

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "तू बरोबर होतास."

"बरोबर होतो, पण जरा हळू सांगायला हवं होतं."

"हळू सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं."

ती पायरीवर बसली, त्याच्या शेजारी. त्याने एक कोरा कागद तिच्या पुढ्यात सरकवला, अर्धी पेन्सिल दिली. दुपारपर्यंत दोघं पाठी काढत बसले.

नवी पाठ मातीत घडली, मेणात उतरली, भट्टीत गेली. "एका पोरीला दोन दोन पाठी?" ओतारी कुरकुरला. "नवरीचे शालू आहेत की काय?" पण ओतली त्याने झकास. या वेळी खांद्यांत पंख होते, कमरेत भीती होती. ती पाठ जोडली तेव्हा मुलीचा चेहराही बदलल्यासारखा वाटला, जरी त्याला कुणी हात लावला नव्हता.

मग रंग चढवायचा दिवस आला. ब्राँझ तापवायचं, तापल्यावर ब्रशने औषध फिरवायचं. ते चुर्र करून वाफ होतं आणि मागे रंग ठेवून जातं. आधी मधासारखा, मग चहासारखा, मग ओल्या मातीसारखा. बर्नर तिने त्याच्या हातात दिला, ब्रश स्वतः घेतला.

"ज्योत हलती ठेव. एका जागी ठेवलीस तर डाग पडेल."

ती पाठीवर ब्रश फिरवत होती. वाफेपलीकडे तो पुसट होत होता, पुन्हा दिसत होता.

"मला पुस्तकवाल्यांनी बोलावलंय," तो मध्येच म्हणाला. "त्यांच्या शहरात. कायमची नोकरी. परवापर्यंत कळवायचंय."

ब्रश क्षणभर हवेत राहिला. "हे तू आत्ता सांगतोस? धातू तापलेला असताना?"

"थंड असताना धीर होत नाही." तो ज्योतीकडेच बघत होता. "इथूनही चित्रं पाठवता येतील. तुरळक काम मिळेल, पण मिळेल. तू सांग... काय करू?"

तिने औषधात ब्रश बुडवला. चुर्र झालं, वाफ उठली. इतके दिवस ओठांवर येऊन परत फिरलेलं सगळं एकदम गर्दी करून आलं होतं.

"ज्योत हलव," ती कशीबशी म्हणाली. "थांबू नकोस."

"थांबू नको?" त्याचा आवाज उतरला.

"ज्योतीला म्हणतेय."

"आणि मला?"

वाफ विरली. आता तो अगदी स्पष्ट दिसत होता. गालावर काजळी, डोळ्यांत तीच तलावकाठची भीती, उडीच्या आधीची.

"तू थांब," ती म्हणाली. "तू इथेच थांब. माझ्याजवळ."

आणि त्याच क्षणी त्याचा हातही थांबला. ज्योत एकाच जागी राहिली... पोहणाऱ्या मुलीच्या डाव्या खांद्यावर, बोटाएवढ्या जागेत, रंग गडद होत होत जांभळट काळा झाला.

"अरे, डाग," ती म्हणाली, पण बर्नर त्याच्या हातातून काढून घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर तशीच राहिली.

चहा घेऊन मावशी खाली आली. दोघांची काळी तोंडं, एकमेकांत अडकलेले हात, आणि मधोमध वाफाळणारी मूर्ती बघून तिने कप दारातच ठेवले. "गार करू नका," एवढंच म्हणून ती आल्या पावली वर गेली.

तो डाग घासून काढता आला असता. वाळूचा कागद, पुन्हा थोडी आच, पुन्हा औषध. तासाभराचं काम. त्याने दोनदा विचारलंही, काढू का म्हणून. तिने रंग पक्का करणाऱ्या मेणाचा बोळा घेतला आणि कोमट धातूवर हलक्या हाताने मेण चोळायला सुरुवात केली. आधी त्या खांद्यावर.