ताईचे हरलेले खटले

“आई, खरं खरं सांग, तुझी जास्त लाडकी कोण... मी की ताई?”

हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत विचारायचा, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आणि गेल्या वर्षापर्यंत वर्गात ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, त्या ठिणगीनं तो चक्क विचारला!

आई वकील, आणि ताईही आईच्याच ऑफिसात वकील. जेवताजेवताही कसले तरी कागद मध्ये घेऊन दोघींची कुजबुज चालली होती. आईनं मानसुद्धा वर केली नाही. “ताईचं काय विचारतेस! ती माझा उजवा हात आहे.”

“आणि मी कोण? डावा पाय?”

बाबांना ठसका लागला, ताई खळखळून हसली... आणि ते हसूच ठिणगीच्या काळजात रुतलं. उठता-बसता ताई! ताईचा मुद्दा, ताईचा युक्तिवाद, आणि आता गोदामाच्या आगीत होरपळलेल्या कामगारांचा एवढा मोठा खटला, तोही आई ताईलाच चालवायला देणार होती. कित्येक दिवस आत धुमसणारा मत्सराचा निखारा त्या क्षणी भडकला!

आईच्या ऑफिसची एक शिस्त होती. खटल्याचा निकाल लागला की त्याची कॉम्प्युटरवर नोंद झालीच पाहिजे... खटला कशाचा, चालवला कुणी, पहिल्या भेटीत अशिलाला काय सांगितलं होतं आणि शेवटी काय झालं. “जिंकलेलं आपोआप आठवतं गं,” आई म्हणायची, “हरलेलं लिहून ठेवावं लागतं. तरच दारात आलेल्या माणसाला खोटी आशा लावली जात नाही.” सुट्टीच्या दिवशी या नोंदी भरायचं काम ठिणगीकडेच असे. शनिवारी सकाळी ती ऑफिसात जाऊन बसली, आईचे खटले एकीकडे केले, ताईचे दुसरीकडे, दोघींचे जिंकलेले-हरलेले मोजले... आणि आनंदानं खुर्चीतच एक गिरकी घेतली!

दुपारी घरी येऊन तिनं तो हिशेब लॅपटॉपवर सगळ्यांसमोर मांडला. “आई शंभरातले सत्तर जिंकते. आणि तिचा उजवा हात? चाळीस! मी नाही हं म्हणत, आईच्या नोंदी म्हणतात.”

ताईनं आकडे वाचले, पुन्हा वाचले. तिचा चेहरा पार उतरला. “बरोबर आहे तिचं,” ती कशीबशी म्हणाली, “माझ्या हौसेपायी त्या होरपळलेल्या माणसांचं वाटोळं का व्हावं? आई, हा खटला तूच चालव.” आणि आईनं काही बोलायच्या आत फाइल टेबलावर ठेवून ती आतल्या खोलीत निघून गेली.

जिंकली होती ठिणगी! मग तिची नजर सारखी आतल्या खोलीकडे का वळत होती?

बाबा हॉस्पिटलात डॉक्टर. चष्मा पुसत ते शांतपणे म्हणाले, “आमच्याकडे अत्यवस्थ पेशंट ज्या डॉक्टरकडे पाठवतात ना, पेशंट दगावतातही त्याच्याकडेच जास्त. मग काय तो डॉक्टर वाईट?”

ठिणगीनं लॅपटॉप पुढे ओढला आणि या वेळी खटल्यांचे प्रकार वेगळे लावले. कागदपत्रं भक्कम असलेले, सरळ निकाली निघणारे एका बाजूला. आणि कामावर जखमी झालेल्यांचे, ज्यांच्याकडे ना कागद ना साक्षीदार, ते दुसऱ्या बाजूला. ताईच्या वाट्याला जवळजवळ सगळे हे दुसरेच! आणि सोप्या खटल्यांत जिंकण्याच्या प्रमाणात ताई आईच्या पुढे होती... अवघड खटल्यांतही ताईच पुढे होती!

“मी सगळं एकाच पातेल्यात ढवळलं गं, आई...” तिचा आवाज कापू लागला. “पण तिलाच का दिलेस तू असले खटले?”

“मी कुठे दिले? तिनं मागून घेतले.” आईचे डोळे भरून आले. “त्यांच्या सुनावण्या संध्याकाळपर्यंत लांबतात. ताई शाळेत होती तेव्हा ते मी चालवायचे, आणि तीच एवढीशी पोर रोज कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायची. ‘ठिणगीला दार आईनंच उघडायला हवं,’ असं म्हणाली ती मला. आणि गोदामाचा खटला मी तिला लाड म्हणून देत नव्हते गं. नोंदी मीसुद्धा वाचते!”

ठिणगी धावतच आत गेली. ताई खिडकीशी पाठमोरी उभी होती.

“ताई... आकडे खरे होते, मी खोटी होते! तुझ्याइतके अवघड खटले कुणीच जिंकत नाही. आईसुद्धा नाही!”

“हळू बोल, वेडाबाई,” डोळे पुसता पुसता ताईला हसू फुटलं, “आईनं ऐकलं तर अपील करेल!” आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या... कितीतरी वेळ!

मग ठिणगी ताईचा हात धरून बाहेर आली, टेबलावरची फाइल उचलून तिनं ती ताईच्या हातात ठेवली आणि आईबाबांसमोर ताठ उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. सोमवारपासून घराची किल्ली माझ्याकडे. आईनं संध्याकाळी ऑफिसात थांबायचं आणि अवघड खटले ताईबरोबर निम्मे वाटून घ्यायचे. तुम्ही दमून घरी याल ना, तेव्हा दार मी उघडणार!”