चकचकीत पिस्टन

पितळेच्या त्या गजावर दोन हात एकदमच पडले. एक माझा, आणि दुसरा... दुसऱ्याला हात कसं म्हणू, फावडंच होतं ते!

"मी आधी पाहिलाय," मी म्हटलं.

"मी आधी उचललाय," फावड्याचा मालक म्हणाला. आणि हसला. उंच, पिकल्या मिशांचा, शर्टाच्या खिशात मोजपट्टी खोचलेला गृहस्थ.

भंगाराचं दुकान, भर दुपार, बाहेर अवेळी आलेली भुरभुर. पावसाच्या आडोशाला आत शिरले, असं घरी सांगितलं मी. पण खोटं कशाला बोलू? मी अंगठ्याएवढ्या जाडीचा पितळी गज शोधायलाच गेले होते. वय वर्षं अठ्ठावन्न. हातात किराण्याची पिशवी आणि डोक्यात — इंजिन!

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते दाताच्या दवाखान्यात. चौतीस वर्षं मी तिथे मागच्या खोलीत बसून कवळ्या केल्या. मेणाचे साचे, गुलाबी हिरड्या, एकेक दात चिमट्यानं बसवायचा, आणि शेवटी ब्रशच्या चाकावर धरून असं पॉलिश करायचं की लावणाऱ्याला पुन्हा हसावंसं वाटलं पाहिजे. माझ्या निरोपाच्या दिवशी एका म्हाताऱ्या पेशंटनं आपण केलेलं एवढंसं इंजिन दाखवायला आणलं होतं. तळहातावर मावेल एवढं. नळीतून फुंकर मारली, बोटानं चाक ढकललं, आणि ते आपलं आपण फिरायला लागलं... टुक टुक टुक. जन्मभर मी दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसणाऱ्या वस्तू केल्या. ही वस्तू आपल्या पायावर उभी राहून पळत होती. त्या दिवशी मला घास गेला नाही.

"तुम्हाला कशाला हवाय गज?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"पिस्टन करायचाय."

ते बघतच राहिले. "कशाचा?"

"इंजिनाचा. पिस्टन काय लोणच्याचा असतो?"

"अहो, मलाही पिस्टनच करायचाय!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की दुकानदारानं चहाचा कप खाली ठेवला.

एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. "जन्म इंजिनाशेजारी बसून काढला, बाई, पण आत काय चालतं ते बघू दिलं नाही कुणी. बिघडलं की मेकॅनिक यायचा आणि म्हणायचा, ड्रायव्हरसाहेब, जरा बाजूला व्हा. आता रिटायर झालो. आता मला कोण बाजूला करतो बघू!" घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी जुनं लेथ आणून बसवलं होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी लांब. लेथवर गज गोल करता यायचा, पण पुढचं सगळं अडलेलं. तांदळाएवढे स्क्रू त्या फावड्यात टिकायचेच नाहीत.

"माझ्याकडे लेथ नाही," मी म्हटलं.

"माझ्याकडे बोटं नाहीत," ते म्हणाले.

देवाचा हिशेबच अजब. एकाला लेथ देतो, बोटं देत नाही. दुसरीला बोटं देतो, लेथ देत नाही. मग दोघांना एका भंगाराच्या दुकानात धाडतो, आणि आपण वर बसून गालातल्या गालात हसतो.

दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी मी शेडमध्ये जाऊ लागले. ते लेथ चालवायचे, मी कानस. ते कापायचे, मी जुळवायची. "कवळीवाल्या बाई, हा एवढासा नट कुठे जातो?" "तुमच्या चपलेखाली गेलाय, ड्रायव्हरसाहेब. पाय उचला." असं आमचं चाले. ते फार बोलायचे नाहीत, पण मी यायच्या आधी माझ्या स्टुलावरची धूळ पुसलेली असायची. आणि एक दिवस त्यावर उशी आली. उशी नवी होती.

एकदा लेथ थांबवून ते म्हणाले, "हलू नका."

"का? पाल आहे का?"

"केसात पितळेचा कीस अडकलाय."

त्यांनी हात पुढे केला... आणि मागे घेतला. मग माझाच चिमटा उचलला, श्वास रोखला, आणि तो सोनेरी वेटोळा कीस इतक्या हळुवारपणे काढला, इतक्या हळुवारपणे, की बस चालवणारा माणूस असं काही करू शकतो हे मला खरंच वाटेना.

"निघाला?"

"केव्हाच," ते म्हणाले. पण चिमटा काही लगेच खाली आला नाही.

असे चार महिने गेले. सिलिंडर झाला, चाक झालं, पिस्टन झाला. पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला की सावकाश, अगदी नव्या नवरीसारखा एकेक पाऊल टाकत खाली उतरायचा. "हे खरं बसणं," ते म्हणायचे. "हवेला वाट मिळता कामा नये."

आणि मग एका सोमवारी भावजय माझ्या खोलीत आली. हातात कपड्यांच्या घड्या, चेहऱ्यावर आनंद.

"वन्सं, शुक्रवारचं तिकीट काढलंय हं तुमचं!"

"माझं? कुठलं?"

"म्हणजे काय! आमच्या लेकाकडचं. सूनबाईला नववा लागतोय. बाळाचं करायला कुणी नको? माझे गुडघे हे असे. तुम्हाला काय, तुम्ही मोकळ्याच. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न, एकदा मूल शाळेत गेलं की झालं."

भाऊ दारात उभा होता. "ताई, तू आहेस म्हणून तर आम्ही निर्धास्त," तो प्रेमानंच म्हणाला.

त्यात प्रेम होतं, ते मी नाकारणार नाही. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हाही मी मोकळीच होते. भावाचं शिक्षण, त्याचं लग्न, भाच्याची मुंज, भाच्याची दहावी... प्रत्येक वेळी मी मोकळी. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं आली तशी परत गेली, कारण घर मोकळं नव्हतं. मी मात्र मोकळी! नाही म्हणायचं माझ्या जिभेला वळणच नव्हतं. मी मान डोलावली.

मंगळवारी शेडमध्ये सांगितलं. ते पाठमोरे होते. लेथचा आवाज थांबला. पत्र्यावर पाखरं नाचत होती.

"शुक्रवारी?" ते म्हणाले. "मग... जायला हवं. घरचं आधी, बाई."

एवढंच! मी काय ऐकायला उभी होते, ते माझं मला माहीत. डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी पिस्टन उचलला. "हा घरी नेते. शेवटचा हात फिरवते. गुरुवारी चालवू. चालताना तरी बघून जाते."

बुधवारची दुपार मी कवळ्यांच्या जुन्या ब्रशचाकापुढे बसून काढली. आता ऐका, चौतीस वर्षांची सवय आणि भरून आलेलं मन एकत्र आलं की काय होतं ते. आधी दगडाची पूड, मग पांढरी पेस्ट, मग मऊ कापड. तो पिस्टन घासला मी, घासला, घासला... त्यात माझा चेहरा दिसेपर्यंत. जणू कुणाला हसवायचंच होतं.

गुरुवारी त्यांनी बसच्या टायरची जुनी ट्यूब गच्च हवा भरून टेबलाखाली ठेवली होती. तिला नळी, नळीला इंजिन. "वाफेचं पुढे बघू, आधी हवेवर पळू दे. घ्या देवाचं नाव," ते म्हणाले. मी घेतलं. त्यांनी नळीचा कॉक उघडून हवा सोडली, मी बोटानं चाक ढकललं.

फुस्स...

चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. पुन्हा ढकललं. फुस्स. ट्यूब आमच्या डोळ्यांदेखत मऊ पडत गेली.

त्यांनी इंजिन उलगडलं, पिस्टन काढला, सिलिंडरच्या तोंडाशी धरून सोडला. नव्या नवरीसारखा? छे! टप्पकन तळाला, विहिरीत दगड पडावा तसा.

"बाई... पॉलिश केलंत?"

"केलं की. किती छान चमकतोय!"

"चमकतोय हो. पण चमकायला अंगावरचं मांस गेलं ना त्याचं! कडासुद्धा गोल झाल्यात. सगळी हवा बाजूनं पळतेय."

कवळीला हवी चकाकी, पिस्टनला हवी घट्ट मिठी, आणि मी मूर्ख, शेवटच्या दिवशी... "चार महिन्यांचं काम मी मातीत घातलं," मी म्हणाले, आणि उशीवर बसून मुसमुसायला लागले. मान वर केली तर हे गृहस्थ... हसत होते! मिशीतल्या मिशीत. लपवायला गेले, तर डोळ्यांतून हसू बाहेर आलं.

"इंजिन चाललं नाही आणि तुम्ही हसताय?"

"छे, छे. हसतोय कुठे?"

"मग हे काय आहे?"

त्यांनी पिस्टन टेबलावर ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला.

"खरं सांगू? काल दिवसभर मी देवाला म्हणत होतो, हे चालू नये. चाललं की तुम्ही जाणार, ते चालत राहणार आणि मी त्याच्याकडे बघत बसणार. असलं मागणं मागू नये. पण मागितलं. त्याचा असा लगेच कौल येईल वाटलं नव्हतं... म्हणून हसू आलं. माफ करा."

"मग परवा 'घरचं आधी' कोण म्हणालं?"

"मीच. जन्मभर लोकांना त्यांच्या गावी सोडलं, बाई. उतरू नका असं कुणाला म्हणायची सवय नाही मला."

"म्हणून बघा एकदा."

ते फावड्यासारखे हात एकमेकांत गुंतवून उभे राहिले. एवढा थोरला माणूस, पण आवाज अगदी बारीक निघाला. "उतरू नका."

तेवढ्यात माझा फोन वाजला. भावजय.

"वन्सं, बॅग अजून रिकामीच दिसतेय. सकाळची गाडी आहे! शाली दोन ठेवू की तीन?"

"एकही नको. मी येत नाही."

"येत नाही म्हणजे? उद्या येत नाही?"

"कधीच नाही. बाळाला बघायला येईन आठ दिवस, आत्याआजी म्हणून. पाळणा हलवायला राहणार नाही. त्याच्या बापाला म्हणावं, सांभाळायला बाई लाव आणि सुट्टी काढ."

मग पलीकडून दबक्या आवाजात, "वन्सं... ते मिशीवाले आहेत का तिथे?"

"आहेत."

"तरी मी म्हणत होते, नट-बोल्ट आणायला जाताना ही बाई पावडर का लावते! ह्यांना काय सांगू आता मी?"

"खरं सांग. ताई मोकळी नाही म्हणावं."

फोन ठेवला. गंमत म्हणजे आभाळ काही कोसळलं नाही. ड्रायव्हरसाहेब लेथपाशी उभे राहून, ऐकलंच नाही असं सोंग करत, एकच पाना तिसऱ्यांदा पुसत होते.

"काय सांगितलंत घरी?"

"नवीन पिस्टन करायचा आहे म्हटलं."

"बरोबर आहे. दोन दुपारी पुरतील."

"मला पंधरा-वीस वर्षं लागतील."

"एका पिस्टनला?"

"मी काम सावकाश करते," मी म्हटलं, "आणि आता चाकावर पॉलिश नाही, हातानंच जुळवायचं असं ठरवलंय... मग वेळ लागणारच ना?"

त्यांनी पाना खाली ठेवला आणि माझ्या केसांकडे हात पुढे केला. ह्या वेळी मात्र त्यांना चिमटा लागला नाही.