भिंतीपलीकडून ‘ये’

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यातलं काहीही माझ्या पदरचं नाही. लतिका माझी मावसबहीण, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. जर्मनीत वाल्डॉर्फपासून बसने थोडं पुढे एक खेडं आहे. तिथलं जुनं चर्च. दुपार कलली होती. धुकं एवढं, की चर्चचा मनोराही दिसत नव्हता.

लतिका पुण्यात आर्किटेक्ट होती. तिच्या सहीने इमारती उभ्या राहायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेली आणि दुसऱ्यांच्या नकाशांसाठी मापं घेत हिंडू लागली. तो कडवटपणा होताच. पण खरी सल वेगळी.

ऑगस्टमध्ये तिची आई, म्हणजे माझी मावशी, अत्यवस्थ झाली.

तिचा नवरा पुष्कर म्हणाला, “आल्झो, हे बघ, तुझा प्रोबेत्साइट चालू आहे, नोकरी अजून कच्ची आहे. आत्ता रजा मागून नवी नोकरी कशाला घालवतेस? तो संपू दे, मग जा.”

हिने ऐकलं. फोनवर आईला म्हणाली, “येते गं.”

मावशी म्हणाली, “ये.”

त्याच आठवड्यात मावशी गेली. लतिका पोचलीच नाही.

तर ते चर्च. फार पूर्वी गावातले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका वेदीपुढे बसेनात, म्हणून मधोमध आडवी भिंत घातली. एक छप्पर, दोन संसार. कमानींची जुनी बाजू कॅथलिकांकडे गेली. पुढे त्यांनी दुसरं चर्च बांधलं आणि ही बाजू बाहेरूनही विटांनी बुजवून टाकली.

“तिकडे कबुतरसुद्धा जात नाही,” किल्ली सांभाळणाऱ्या फ्राऊ केलर म्हणाल्या. आणि दार ओढून निघून गेल्या.

लतिका लेझरने मापं घेऊ लागली. खिडक्या झाल्या. खांब झाले. मग तिने लेझर त्या भिंतीवर धरला...

लाल ठिपका पडलाच नाही.

खांबावर पडत होता. तिच्या तळहातावर पडत होता. भिंतीवर नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही थांबला होता.

आणि पलीकडे... खाट कुरकुरली. कुणीतरी कूस बदलल्यासारखी.

तिने भराभर सामान भरलं. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, ही मावशीची शिकवण. लतिका रिकाम्या घरालाही तसंच म्हणते. सवयीने तोंडातून गेलं, “येते.”

भिंतीपलीकडून उत्तर आलं...

“ये.”

दमलेला आवाज. मावशीचा.

ती धावत बाहेर पडली. घरी पुष्करला सगळं सांगितलं.

“जा, काहीतरीच,” तो म्हणाला. “प्रतिध्वनी असेल.”

“मग शेवटचं ‘ते’ ऐकू आलं असतं, ‘ये’ नाही. आणि हे ‘जा’ तू ऑगस्टमध्ये म्हणायला हवं होतंस.”



आता दुरुस्तीसाठी ती भिंत फोडणार आहेत. सोमवारी. आतली मापं घ्यायला लतिकाने स्वतः नाव दिलंय. पुष्कर आता हातापाया पडतोय. मीही काल फोनवर तिला सांगितलं, नको जाऊस.

“एकदा चुकवलं,” ती म्हणाली. “आता नाही.”

आणि जन्मभर फोन ठेवताना ‘येते’ म्हणणारी माझी बहीण शांतपणे म्हणाली,

“जाते.”

माझ्या तोंडून ‘ये’ निघालंच नाही.

सोमवार परवा आहे.