निळी फळी

"हात लावू नका... दोन मिनिटं, प्लीज."

वाळूत पालथी पडलेली ती कॅमेऱ्यावरून डोळा न काढताच बोलली. ओंडका उचलायला वाकलेला सुतार तसाच थांबला.

"दोन मिनिटांत भरती येईल. मग लाकूडही जाईल आणि तुम्हीही."

"मी जाईन तर जाईन. तुमची सावली तेवढी काढा."

तो हसला आणि सावलीसकट बाजूला झाला.

तीन बाजूंनी समुद्र आणि टोकाला पडका किल्ला अशा त्या चिंचोळ्या जमिनीवर ती आठ दिवस आली होती, वाहून आलेल्या, झिजलेल्या लाकडांचे फोटो काढायला. तो होड्या दुरुस्त करायचा. तिसऱ्या दिवसापासून त्याच्या होड्या मात्र तशाच पडून राहू लागल्या. कुठल्या तटाखाली लाट काय आणून टाकते, ते त्याला तोंडपाठ होतं. एकदा तो लेन्सवरचं खारं पाणी सदऱ्याने पुसायला गेला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं... आणि सोडायचं विसरली.

"ओरखडे पडतील."

"कशावर?"

"लेन्सवर," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

सातव्या दिवशी बुरुजाखाली एक निळी फळी सापडली. रंगाचे पोपडे उडालेले, कडेला कोरलेला अर्धा मासा. तिने भराभर चार फोटो घेतले. वळून बघते तर तो पुढे होऊन त्या माशावरून बोट फिरवत होता.

"हा मासा मी कोरलाय. दादाच्या होडीवर."

दादा दोन वर्षांपूर्वी समुद्रात गेला होता, तो परतलाच नव्हता.

"आई अजून त्याचं ताट वाढते," तो म्हणाला. "हा फोटो कुणाला दाखवू नकोस."

"नाही दाखवणार."

निघताना त्याने विचारलं, "परत येशील? म्हणजे... कायमची?"

"प्रदर्शन झालं की येते."

प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी शंभर फोटोंतून नेमका तोच उचलला. तो बाकीच्यांतून वगळायचं तिच्या जिवावर आलं होतं. "बाकीची नुसती लाकडं आहेत," बाई म्हणाल्या, "यात जीव आहे." हे वाक्य ऐकायला ती दहा वर्षं धडपडली होती. तिने तो फोटो बाईंच्या हातातच राहू दिला. रविवारच्या पेपरात फोटो अर्धं पान छापून आला.

ती परत गेली, तेव्हा तो रंधा मारत होता.

"आईंनी बघितला?"

"शेजारणीने आणून दाखवला. आईने पेपरची घडी घालून ठेवली. त्या दिवसापासून दोनच ताटं वाढते."

"चुकलं माझं. पण माझं प्रेम आहे तुझ्यावर... खरंच आहे."

रंधा थांबला.

"माझंही आहे. पण तुला घरी नेलं तर आई बस म्हणेल, पाणी देईल, आणि रोज तुझ्या तोंडाकडे बघून तिला तो पेपर आठवेल. ते मला बघवायचं नाही."

तो तिला थांब्यापर्यंत सोडायला आला. बस उभीच होती. ती खिडकीपाशी बसली. सुटायला अजून पाच मिनिटं होती. तो थांबला नाही.